हेंडनचे हँगर दोन : पहिल्या महायुद्धाची विमाने आणि मुंबईचे वेलिंकर

उत्तर लंडनमधील हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात मुलांना घेऊन जाणारी बहुतेक कुटुंबे दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर आणि लँकेस्टर ही विमाने पाहण्यातच दमतात आणि पहिल्या महायुद्धाचे दालन शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात. शाळेच्या सुटीत तेथे या विषयावर कुटुंबदिन होता, तेव्हा आम्ही मुद्दाम उलटा क्रम लावला आणि दार उघडताच थेट हँगर दोन, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या विमानांची शेड, गाठले. जाणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हे हँगर म्हणजे क्लॉड ग्रॅहम-व्हाइट यांचा विमानांचा जुना कारखाना. हेंडनचा विमानतळ त्यांनीच नावारूपाला आणला आणि सप्टेंबर १९११ मध्ये ब्रिटनचे पहिले नियमित हवाई टपाल येथूनच विंडसरला गेले. (त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल पोहोचले होते, हे मुलांना अवश्य सांगावे.)

कार्यक्रमांत सर्वाधिक गर्दी कागदी विमाने उडवण्याच्या स्पर्धेला होती. ती दुपारी ओसरते, म्हणून सकाळ तेथे घालवू नये. आमची मंडळी रमली ती रोटरी इंजिनाच्या हाताने फिरवायच्या प्रतिकृतीपाशी. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, जेट इंजिनांशी आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनी हँडल फिरवले आणि नातवाला जवळ ओढत म्हणाले, "अरे, बघ तरी, इथे दांडा जागच्या जागी आणि आख्खं इंजिनच फिरतंय!" ते खरेच तसे असते. मधला दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, विमानाला घट्ट बसवलेला, आणि त्याभोवती सिलिंडरांसकट सगळे इंजिन पंख्याबरोबर गरगरते. त्यामुळे ते हवेने थंड राहते, परंतु त्या फिरत्या वजनामुळे सॉपविथ कॅमल हे ब्रिटिश लढाऊ विमान उजवीकडे झटकन वळे आणि नवख्या वैमानिकाच्या हातून सुटे. कित्येक शिकाऊ वैमानिक शत्रू दिसण्यापूर्वीच असे दगावले. या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. वापरलेले तेल बाहेर फेकले जाई आणि त्याचे तुषार वैमानिकाच्या नाकातोंडात जात. त्याचे पोटावर काय परिणाम होत असतील, हे वडिलांनी सविस्तर समजावून सांगितले आणि मुलांची हसून पुरेवाट झाली.

शेजारच्या मेजावर पंखाचा एक तुकडा हाताळायला ठेवला होता. लाकडी फासळ्यांवर लिननचे कापड, त्यावर डोप या रोगणासारख्या द्रवाचा लेप. लेप वाळला की कापड ढोलकीच्या चामड्यासारखे ताणले जाते. मुलीने त्यावर टिचकी मारून पाहिली आणि विचारले, "आजोबा, गोळी लागली तर?" गोळी कापडातून आरपार जाई आणि विमान बहुधा उडत राही, खरे भय आगीचे होते, आणि ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट दिले जात नसे. फुग्यांवरील टेहळ्यांना मात्र ते मिळत असे.

मराठी वाचकाने सर्वाधिक वेळ राखून ठेवावा तो सॉपविथ डॉल्फिनसाठी. हे विमान दिसायलाच विचित्र आहे : वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर आलेले. त्यामुळे वरचे आकाश छान दिसे, पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात मानेवरच. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर २३ व्या स्क्वाड्रनमधून याच प्रकारचे विमान उडवत. जून १९१८ अखेर ते एका उड्डाणावरून परतले नाहीत. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जून रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर फ्रान्समध्ये आमियाँजवळील हांगार येथे आहे. त्याच युद्धातील भारतीय वैमानिकांपैकी कोलकात्याचे इंद्रलाल रॉय आणि डोक्याला फेटा बांधून कॅमल उडवणारे हरदित सिंग मलिक यांची नावे आपल्याकडे थोडीफार ठाऊक असतात. वेलिंकरांचे नाव मुंबईतही क्वचितच ऐकू येते, म्हणून घरून निघण्यापूर्वीच मुलांना त्यांच्याविषयी सांगून ठेवावे. मग ती डॉल्फिन स्वतःहून शोधतात.

जाण्याविषयी थोडे. नॉर्दर्न लाइनवरील कॉलिनडेल स्थानकात उतरून पंधरा मिनिटे चालावे, किंवा ३०३ क्रमांकाची बस धरावी. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र वाहनतळ आणि सिम्युलेटर यांना पैसे पडतात. सुटीच्या दिवसांत उपाहारगृहात साडेबारानंतर रांग लागते, म्हणून पोळीभाजीचा डबा सोबत न्यावा आणि जेवण अकराच्या सुमारास उरकावे. दालनांमधील अंतर उघड्यावरून चालायचे असल्याने छत्री असू द्यावी. पाच वर्षांखालील मुलांना या हँगरात फार तर तासभर धरून ठेवता येते. त्यानंतर त्यांना बाहेरच्या खेळाच्या मैदानावर न्यावे आणि मोठ्यांनी आळीपाळीने परत यावे. ज्यांना याहून अधिक पाहायचे असेल, त्यांनी एसेक्समधील स्टो मॅरीस येथील १९१६ चे हवाई तळ पाहावे. तेथील मूळ इमारती अजून उभ्या आहेत, मात्र तेथे स्वतःची गाडी असलेली बरी, आणि तळ रोज उघडा नसतो, म्हणून दिवस आधी पाहून निघावे.