पेन हिरवं होतं, फोटोत निळं आलं

तर झालं असं की आम्ही ऑनलाइन विकलेलं एक फाउंटन पेन परत आलं. पेनमध्ये काही बिघाड नव्हता, निब मस्त चालत होती, शाई गळत नव्हती, पण घेणाऱ्याने लिहिलं होतं की मी निळं मागवलं आणि तुम्ही हिरवं पाठवलंत. मी आधी चिडलेच, म्हटलं लिस्टिंगमध्ये स्पष्ट 'गडद हिरवं' लिहिलंय, वाचत नाहीत का लोक. मग माझाच फोटो उघडून बघितला आणि गप्प बसले. निळंच दिसत होतं हो.

आमच्याकडे वाटणी अशी आहे की जुनी पेनं आणि मनगटी घड्याळं दादा दुरुस्त करतो, आणि फोटो काढणं, ऑनलाइन टाकणं, पॅकिंग, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं हे सगळं माझ्याकडे. तेव्हा मी फोटो कसे काढायचे तर टेबल खिडकीजवळ, एका बाजूने खिडकीचा उजेड आणि तो पुरत नाही असं वाटलं की दुसऱ्या बाजूने पिवळा टेबल लॅम्प. जितका जास्त उजेड तितका चांगला फोटो, असं साधं गणित. आता पिवळ्या बल्बचा उजेड असतो साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (उजेड पिवळा की निळा याचं माप, आकडा मोठा तितका निळा), आणि थेट ऊन नसलेल्या खिडकीतून येणारा सहज ६५०० च्या वर जातो. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, आपल्याला कळतही नाही, पण कॅमेऱ्याला त्यातलं एक काहीतरी पांढरं धरावं लागतं. फोनने बल्बला पांढरं धरलं, सगळा फोटो निळ्याकडे ढकलला, आणि पेनची खिडकीकडची बाजू गेली निळ्यात. एडिटिंगमध्ये निळा कमी करायला गेलं की दुसरी बाजू पिवळी पडते, म्हणजे नंतर दुरुस्तही होत नाही.

त्या दिवसापासून एका फोटोत एकाच जातीचा उजेड. खिडकी तर फक्त खिडकी, मग खोलीतले सगळे दिवे बंद, अगदी बाजूच्या खोलीतला आत येणारासुद्धा. एलईडी तर पडदे ओढून फक्त एलईडी, आणि तो सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९५ च्या आसपासचा घ्यायचा, कारण स्वस्तातल्या एलईडीखाली लाल रंग मेल्यासारखा दिसतो. पहिला फोटो ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) ठेवून काढते आणि त्यावरून बाकी सगळ्यांचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, लावते, कंटाळवाणं काम आहे पण पेन परत येण्यापेक्षा बरं.

एलईडीचा अजून एक त्रास म्हणजे फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, मला आधी वाटलं फोनच गेला. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

बरं आता मुख्य गोष्ट, जी कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. छोट्या वस्तूला दिवा किती वॅटचा याने फारसा फरक पडत नाही, तो वस्तूच्या मानाने किती मोठा दिसतो त्याने पडतो. नुसता बल्ब पेनवर मारला की सावली सुरीने कापल्यासारखी आणि टोपणावर एक पांढराफट्ट ठिपका. त्याच बल्बसमोर ट्रेसिंग पेपर ताणून लावला, ए३ साइजचा, आणि तो पेनच्या अगदी वीतभर अंतरावर आणला, की आता पेनसाठी दिवा म्हणजे तो अख्खा कागद. सावलीच्या कडा विरघळतात. आणि इथे छोट्या वस्तू विकणाऱ्यांचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण सोफ्याचा फोटो काढणाऱ्याला एवढा मोठा दिवा करायला भिंतीएवढं कापड लागेल, आपलं काम एका कागदात होतं. फक्त कागद बल्बला चिकटवू नका, गरम बल्ब असेल तर जळेल, आणि थोडा लांब ठेवला तरच अख्खा कागद उजळतो.

पण दिवा जवळ आणला की दुसरी भानगड सुरू होते. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो हे शाळेत शिकलो होतो, उपयोग कधी झाला नव्हता. माझ्या पेनची लांबी साधारण १५ सेंटिमीटर. दिवा टोपणापासून १५ सेंटिमीटरवर आणि पेनच्याच रेषेत ठेवला की निबच्या टोकापर्यंत अंतर झालं ३०, म्हणजे तिथे टोपणाच्या पाव उजेड. टोपण पांढरंफट्ट, निब अंधारात. कागद लावला की फरक एवढा तीव्र राहत नाही पण राहतो. म्हणून दिवा लांबीच्या बाजूने लावायचा, टोकाकडून नाही, आणि उजेड परत फेकायला समोरच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करायचा. माझा सगळा स्टुडिओ म्हणजे दोन थर्माकोलचे तुकडे, एक काळी कार्डशीट, ट्रेसिंग पेपर आणि भरपूर कपड्यांचे चिमटे.

घड्याळांनी मात्र रडवलं. स्टीलची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, म्हणजे आरसाच, आणि आरशाचा फोटो काढता येत नाही, त्यात जे दिसतं त्याचा काढता येतो. माझ्या पहिल्या फोटोंमध्ये प्रत्येक घड्याळाच्या कडेवर एक लाल डाग होता, पुसून पुसून थकले, मग कळलं तो माझा लाल टी-शर्ट आहे. आता मी फोटो काढताना काळं घालते, दादा चेष्टा करतो, करू दे. तर चमकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत प्रश्न असा विचारायचा की कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं तर या धातूत खोलीचा कुठला कोपरा दिसतोय, उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, म्हणजे तो कोपरा शोधता येतो, आणि तिथे पांढरा पुठ्ठा धरला की स्टील पांढरं, काळा धरला की काळं. मी आधी सगळीकडे पांढरंच लावायचे तर घड्याळ राखाडी प्लास्टिकचं दिसायचं. धातू धातूसारखा दिसतो तो पांढऱ्याशेजारी काळी रेघ आली की. दोन बोटं रुंदीची काळ्या कागदाची पट्टी बाजूला उभी केली आणि केसची कड एकदम उठून आली, मी दादाला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला, "हे घड्याळ मीच दुरुस्त केलं का गं?"

म्हणूनच ते तयार लाइटबॉक्स, चारी बाजूंनी पांढरे, माझं त्यांच्याशी फार जमत नाही. कापड, लाकूड, कागद यांना ठीक आहेत, धातू त्यात मरतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी फेकू नका, आतून एका बाजूला काळा कागद लावून बघा.

काचेवर छताचं प्रतिबिंब पडून डायल दिसेनासा होतो, त्यावर पण हाच उपाय, ज्या कोनातून छत दिसतंय तिथे काळी कार्डशीट. पोलरायझर फिल्टर (लेन्ससमोर लावून फिरवायची काच) काचेची चमक बऱ्यापैकी खातो, साधारण ५५ अंशाच्या आसपास तिरकं बघितलं तर सगळ्यात जास्त, समोरून सरळ बघितलं तर जवळजवळ काहीच नाही. धातूवर तो एकटा चालत नाही, हे मी फिल्टर विकत घेतल्यावर वाचलं.

घड्याळाचे काटे १०:१० च्या आसपास ठेवतात ते डायलवरचं नाव झाकलं जाऊ नये म्हणून, शिवाय दोन्ही बाजू सारख्या दिसतात. बॅटरीचं असेल तर चावी बाहेर ओढून ठेवली की थांबतं. जुनी किल्लीची बरीच घड्याळं चावी ओढली तरी सेकंद काटा चालवतच राहतात, त्यांना पूर्ण उतरू द्यायचं आणि मग वेळ लावायची.

फोनवाल्यांसाठी एकच सांगते, वस्तूच्या तोंडाशी फोन नेऊ नका. एकतर पेन पुढून जाड मागून बारीक असं दिसतं, शिवाय बरेच फोन फार जवळ गेलं की गुपचूप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर, येतो. हातभर मागे या, २एक्स करा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, फोन कशाला तरी टेकवा आणि टायमर लावा. कॅमेरा असेल तर लेन्सचं भोक एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं भोक लहान), कारण जवळून काढताना फोकस इतका पातळ असतो की निब शार्प आणि क्लिप धूसर. एफ/२२ वर नेऊन सगळं शार्प येईल असं वाटतं पण मग उलट सगळंच थोडं मऊ होतं.

पांढऱ्या बॅकग्राउंडवर फोटो राखाडी येतो तो आपला दोष नाही, कॅमेऱ्याला समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं वाटतं, पांढरं जास्त दिसलं की तो बिचारा उजेड कमी करतो. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर करायचं. अमेझॉनला मुख्य फोटोत बॅकग्राउंड पूर्ण पांढरं लागतं, म्हणजे तिन्ही रंग २५५, वस्तूने ८५ टक्के फ्रेम भरलेली हवी, आणि झूम चालायला लांब बाजू निदान १००० पिक्सेल. पण २५५ च्या नादात पेनच्या कडा पण पांढऱ्यात विरघळवू नका, मी विरघळवल्यात.

एक फोटो मी मुद्दाम वाईट उजेडात काढते. सगळे कागद काढून टाकायचे आणि नुसता दिवा टेबलाच्या पातळीवरून आडवा मारायचा, की प्रत्येक ओरखडा, प्रत्येक दाताचा चावा (हो, लोक जुनी पेनं चावायचे) वर येतो. दादाला भीती होती की असा फोटो बघून कोण घेईल. घेतात, आणि 'ओरखडे आहेत का' हा मेसेज येणं जवळजवळ बंद झालंय.

सध्या टेबलावर एक काळं चकचकीत पेन आहे, दोन दिवस झाले, जमत नाहीये. काळ्याला स्वतःचं काही दिसणंच नाही, जे काही दिसतं ते सगळं प्रतिबिंब. पेनच्या पूर्ण लांबीवर एकच सरळ पांढरी रेघ यायला हवी तर मधेच क्लिपपाशी तुटते, आणि वर धूळ. ब्लोअरने उडवली की मिनिटात परत बसते, हातमोजे घातले तर त्यांचेच धागे लागतात. कागद अजून लांब कापून क्लिप थोडी फिरवून बघते आज रात्री, खिडकी बंद करून.