झिप केलं, तरी फाइल तेवढीच का?

फाइली दाबून गुंडाळणाऱ्या विनरारची चाळीस दिवसांची मोफत मुदत कधीच संपलेली असते. तरी रोज ती आठवणीची खिडकी बंद करून लोक तेच वापरत राहतात. घरी चालून जातं; ऑफिसात तो परवान्याचा प्रश्न होतो. इगोर पाव्लोव्ह यांनी १९९९ मध्ये आणलेल्या, तेच काम करणाऱ्या सेव्हन-झिपला ना मुदत आहे ना किंमत, आणि धंद्याच्या कामालाही ते मोफतच आहे. उतरवताना पत्ता मात्र नीट बघा: आकडी सात, जोडरेघ, झिप आणि शेवटी डॉट ऑर्ग. जोडरेघ नसलेलं डॉट कॉम त्यांचं नाही.

आता मूळ तक्रार. ‘अल्ट्रा’ ही दाबण्याची सर्वात वरची पातळी लावली तरी फोटोंचं फोल्डर एका टक्क्यानेही धड घटत नाही. घटणारही नाही. दाबण्याचं काम म्हणजे फाइलीतली पुनरावृत्ती हुडकून ती थोडक्यात मांडणं. जेपेग, एमपी-थ्री, एमपी-फोर, स्कॅन केलेली पीडीएफ यांच्यातली पुनरावृत्ती आधीच काढलेली असते. वर्ड-एक्सेलच्या हल्लीच्या फाइली तर आतून झिपच असतात. वर्डच्या डॉकएक्स फाइलवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपचं ‘ओपन आर्काइव्ह’ द्या, ‘वर्ड’ आणि त्यातलं ‘मीडिया’ फोल्डर उघडा: मजकुरातली सगळी चित्रं तिथे मूळ फाइलींच्या रूपात मिळतात. अर्जासाठी स्कॅन लहान हवा असेल, तर झिपच्या नादी न लागता स्कॅनरचा डीपीआय, म्हणजे स्कॅनची बारकाई, कमी करा.

उलट सीएसव्ही, लॉग, डेटाबेसचा बॅकअप, साधा मजकूर हे झपाट्याने आटतात. मराठी मजकूर तर फारच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला सगळीकडे तोच, तर दुसरा दोनच पर्यायांपैकी एक असतो.

फाइल कुणाकडे जाणार हे ठाऊक नसेल तर ‘झिप’ निवडा. स्वतःच्या साठवणीला सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार, ‘सेव्हन-झेड’. विंडोज ११ मध्ये २०२३ च्या अपडेटनंतर सेव्हन-झेड आपोआप उघडतं, दहामध्ये नाही. पातळी ‘नॉर्मल’ पुरते. ‘अल्ट्रा’ने वाचणारी जागा सहसा किरकोळ असते, पण रॅम भरपूर खर्च होते, किती, ते त्याच खिडकीत लिहिलेलं दिसतं. विनरारची रार फाइल सेव्हन-झिप उघडतं, बनवू शकत नाही.

पासवर्डाच्या बाबतीत बरीच गफलत होते. झिपला पासवर्ड लावताना कुलपाची पद्धत मुळात ‘झिपक्रिप्टो’ असते. ती जुनी आणि कच्ची आहे. ‘एईएस-२५६’ निवडलं तर कुलूप पक्कं, पण विंडोजच्या स्वतःच्या एक्स्प्लोररला ते उघडत नाही. समोरच्याकडेही सेव्हन-झिप लागेल. शिवाय झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं कुणालाही वाचता येतात. नावंही झाकायची असतील तर सेव्हन-झेड घेऊन ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ला टिक करा. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका, फोनवर सांगा.

सोडवताना ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ टाळावं. आत वेगळं फोल्डर नसेल तर दोनशे फाइली थेट डेस्कटॉपवर सांडतात. ‘एक्स्ट्रॅक्ट टू’ फाइलीच्या नावाचं फोल्डर करून त्यात ठेवतं. विंडोज ११ च्या राइट क्लिकमध्ये हे पर्याय दिसत नसतील तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ बघा. न सोडवता आतूनच सेटअप चालवणं हाही नेहमीचा घोळ: फक्त तेवढीच फाइल तात्पुरत्या जागी निघते, सोबतच्या बाकीच्या फाइली तिला सापडत नाहीत आणि ती अडते.

चूक दाखवणारे संदेश नीट वाचले तर पुढे जाता येतं. ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा’ म्हणजे बहुधा डाउनलोड अर्धवट. ‘कॅन नॉट ओपन फाइल अ‍ॅज आर्काइव्ह’ आलं तर आकार पाहा. काही केबी असेल, तर झिपच्या नावाखाली लॉगिनचं वेबपान उतरलेलं असू शकतं. ‘सीआरसी फेल्ड’ म्हणजे आतला डेटा बिघडलाय: पुन्हा उतरवा, मूळ पेन ड्राइव्ह तपासा. सेव्हन-झेड ‘सॉलिड’, म्हणजे अनेक फाइली एकाच गठ्ठ्यात दाबलेलं, असेल तर एका जागचा बिघाड त्याच गठ्ठ्यातल्या पुढच्या फाइलींनाही भोवतो. म्हणून मूळ फाइली उडवण्याआधी ‘टेस्ट आर्काइव्ह’ चालवायचंच. पाथ फार लांब असल्याची कुरकुर आली तर सी ड्राइव्हच्या मुळाशी दोन अक्षरी नावाचं फोल्डर करून तिथे सोडवा.

तुकडे करायचे असतील तर ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’. मेलला २५ एमबीची मर्यादा असेल तर तुकडा १८ एमबीचाच धरा, कारण जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते. सगळे तुकडे एकाच फोल्डरात, नावं न बदलता ठेवून फक्त ००१ वाला उघडायचा. जुन्या फॅट-३२ पेन ड्राइव्हवर चार जीबीची एक फाइल मावत नाही, तिथेही हाच उपाय.

सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही. २४.०९ च्या आधीच्या आवृत्त्यांत एक भोक होतं: झिपमधल्या झिपातून काढलेल्या फाइलीवर ‘इंटरनेटवरून आलेली’ ही खूण लागत नसे, त्यामुळे विंडोज इशाराच देत नसे. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये आकडा बघा, जुना असेल तर नवी आवृत्ती वरूनच बसवा. शिवाय ‘टूल्स’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये ही खूण काढलेल्या फाइलींवर उमटवणाऱ्या ‘प्रोपगेट झोन आयडी’ला ‘येस’ करा. मुळात तो ‘नो’ असतो.