सर, गुलाबीच आहे ना?

तालुक्याच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, आणि गेली नऊ वर्षं करिअर मार्गदर्शन कक्षही माझ्याच गळ्यात आहे. कक्ष म्हणजे एक फाइल. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या परिषदेची, टीम येणार म्हटलं की बॅनर, जिओटॅगचे फोटो, हजेरीच्या सह्या, अभिप्रायाचे फॉर्म. खरं मार्गदर्शन होतं ते प्रॅक्टिकल संपल्यावर बेसिनपाशी, पोरं स्लाइडी धूत असताना. ‘सर, डीएमएलटी करू का एमएस्सी?’ डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा होतो. रोल नंबर १७ एस. वाय.ला असताना त्यालाही असंच दिलं होतं : ‘तुझा हात लॅबचा आहे. डोळे झाकून डीएमएलटी कर.’

डोळे झाकून. माझेच शब्द.

हात मात्र खरंच लॅबचा. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला जिवाणूंचा पातळ थर, वाळल्यावर स्लाइडखाली छापील कागद ठेवला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत, असं मी दरवर्षी घसा फोडून सांगतो आणि दरवर्षी अर्धी बॅच लेपाळं घेऊन येते. याचा स्मिअर पहिल्या महिन्यापासून कागदावरची अक्षरं दाखवणारा. सुट्टीत तो तालुक्याच्या एका लॅबमध्ये फुकट काम करायचा, रक्त काढायला तिथंच शिकला. वडिलांनी दवाखान्याशेजारचा गाळा बघून ॲडव्हान्सही देऊन टाकला होता. आमच्याकडे ‘लॅब टाकणे’ हे किराणा दुकान टाकण्यासारखंच समजतात.

तर त्या दिवशी टी. वाय.चं ‘अननोन’ होतं. ओळख न सांगता वाढवलेल्या जिवाणूंचं कल्चर द्यायचं, पोरांनी ग्रॅम स्टेनपासून, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट पाडण्यापासून, सुरुवात करून नाव शोधायचं. ग्रॅमनं ही पद्धत १८८४ मध्ये दिली आणि अजून जगभरच्या लॅबमध्ये सकाळ तिनंच सुरू होते. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. ज्यांच्या पेशीभित्तिका जाड ते जांभळे राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह; बाकीचे अल्कोहोलनं धुऊन निघतात आणि सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग घेतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. सगळी मेख अल्कोहोलमध्ये. चार सेकंद जास्त झाले की जांभळेही गुलाबी. म्हणून मी प्रत्येकाला स्लाइडच्या कोपऱ्यात स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलायचा मिश्र कंट्रोल ठेवायला लावतो. एक जांभळा गोल, एक गुलाबी दांडी, दोन्ही नीट दिसले तरच मधल्या अननोनवर विश्वास.

१७ला मी दह्यातला लॅक्टोबॅसिलस दिला होता. दांडीच, पण जांभळी. त्याचा नेहमीचा जोडीदार त्या दिवशी पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीला गेलेला. आमच्याकडे तिघांत एक मायक्रोस्कोप, त्यामुळे ‘जोडीदार’ ही सोय नाही, व्यवस्थाच आहे.

त्यानं लिहिलं : ग्रॅम निगेटिव्ह दांड्या.

‘अल्कोहोल जास्त मारलास,’ मी म्हटलं. पुन्हा कर. पुन्हा तेच. मग मला कल्चरचा संशय आला, जुनं झालं की ग्रॅम पॉझिटिव्हही रंग सोडतात. ताजं कल्चर दिलं. पुन्हा निगेटिव्ह. चौथ्यांदा मी स्वतः स्टेन केला, स्वतः फोकस केला. गडद जांभळ्या दांड्या, कोपऱ्यात कंट्रोल आरशासारखा स्वच्छ. त्याला बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग डोळा आयपीसवरून उचलून त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

‘सर, गुलाबीच आहे ना?’

ते ‘ना’ मला अजून ऐकू येतं. तीन वर्षं हा पोरगा स्लाइड वाचत नव्हता, माणसं वाचत होता. मी कंट्रोलकडे नेलं. ‘यात जांभळं कुठलं?’ म्हणाला, ‘गोल ते जांभळे, दांड्या गुलाबी.’ बरोबर. पण पाठांतरानं बरोबर. आमच्या प्रॅक्टिकलला गोल बहुतेक पॉझिटिव्ह, दांडी बहुतेक निगेटिव्ह, आणि बॅसिलस आला तर साखळी आणि स्पोअर बघून ओळखता येतो. एवढ्या भांडवलावर तो वर्गात दुसरा होता. उरलेलं जोडीदार कानात सांगायचा. त्यालाही वाटायचं, याचा नंबर वाढलाय.

दुसऱ्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी कपाटातून इशिहाराचं पुस्तक काढलं, ठिपक्यांतले आकडे वाचायचं. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. त्यालाही दिसला, तो हसला. दुसऱ्या पानावर ८ असतो. तो म्हणाला, ३. पुढची बरीच पानं त्याला नुसते ठिपकेच दिसले. लाल-हिरव्याचा जन्मजात रंगांधळेपणा. चहाच्या टपरीवर त्यानं सहज सांगितलं की मामा रेल्वेच्या मेडिकलला डोळ्यांत बाद झालेला. हा दोष आईकडूनच मुलाकडे येतो, हे मी दरवर्षी फळ्यावर वंशवृक्ष काढून शिकवतो. समोर बसलेल्यांत कुणाचा मामा असेल हे मला कधी सुचलं नाही.

विभागप्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, ‘पास होतोय ना? मग कशाला उकरताय.’ प्रवेशाच्या वेळी आम्ही जातीचा दाखला, गॅप सर्टिफिकेट, आधार सगळं घेतो. डोळे कुणी तपासत नाही, आणि पुढची तीन वर्षं सगळं रंगावरच चालतं. मॅकॉन्की माध्यमावरची गुलाबी वसाहत, मिथाइल रेड चाचणीचा लाल, इंडोल चाचणीचं लाल कडं.

मी बसून त्याच्यासाठी पर्याय काढले. आरटी-पीसीआर, जिथं रंग मशीन मोजतं आणि माणूस पडद्यावरचा आलेख वाचतो. औषध कंपनीतली स्टेरिलिटी, म्हणजे निर्जंतुकपणाची तपासणी, जिथं माध्यम गढूळ झालं की नाही एवढंच बघायचं. एंडोटॉक्सिन या जिवाणूंच्या विषाची जेल-क्लॉट चाचणी, जिथं नळी उलटी केली आणि गोळा जागेवर राहिला की झालं. बायोइन्फर्मेटिक्स, बायोस्टॅटिस्टिक्स, क्लिनिकल रिसर्च. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘सर, हे सगळं पुण्या-मुंबईत. गाळा इथं आहे.’

वडील आले तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता. ‘सर, डोळ्याचा माणूस पगारावर ठेवू की. मालकानं काय स्वतः बघायचं आसतं व्हय?’ मला त्यांना डोळ्यांच्या आधी दुसरंच सांगावं लागलं. २०१७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. त्यामुळे पोरगा गरुडाच्या डोळ्यांचा असता तरी गाळ्यावर एकट्यानं लॅब चालवणं अवघडच होतं. हे मी दोन वर्षांपूर्वी बेसिनपाशी सांगायला हवं होतं, ॲडव्हान्सच्या आधी. ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘आमच्याकडं तर समदेच टाकत्यात.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकतात हे खरंच आहे.

त्या रात्री मी मनात रिपोर्ट लिहून पाहत होतो. मेंदूज्वराचा पेशंट, पाठीतलं पाणी लॅबला आलंय, रात्रीचे दोन, ड्युटीवर एकटा टेक्निशियन. स्लाइडवर जोडीनं बसलेले गोल. जांभळे असले तर न्यूमोकॉकस, गुलाबी असले तर मेनिन्गोकॉकस. आकारात फरक असतो, एक टोकदार, एक घेवड्याच्या बीसारखा, पण रात्री दोनला त्या फरकावर भिस्त ठेवायला मी धजणार नाही. नको, याला लॅबमध्ये पाठवायचं नाही. असं ठरवून झोपायला गेलो आणि आठवलं, याच सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेला सांगितलं होतं की रंगांधळ्यांना दार बंद करू नका, अभ्यासक्रम बदला. एडिटिंगला प्रवेश नाकारलेल्या मुलाचं प्रकरण होतं. तेव्हा वर्तमानपत्र वाचून मी ‘बरोबर आहे’ म्हटलं होतं. माझा विद्यार्थी नव्हता ना तो.

सकाळी माळ्यावरून आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन पेपर काढला. सॅफ्रॅनिन लाल प्रकाश जाऊ देतं, क्रिस्टल व्हायोलेट बराच अडवतं. कागदावर तरी गणित जुळत होतं. मायक्रोस्कोपच्या दिव्यावर पेपर लावला आणि त्याला कंट्रोल बघायला लावला.

तो एकदम ताठ झाला. ‘सर, दांड्या गेल्या! गोल काळेभोर दिसतायत.’

या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

मग मी दहा स्लाइडी केल्या, नुसते नंबर टाकून. त्यानं नऊ बरोबर सांगितल्या. दहाव्या स्लाइडवर ई. कोलायचा स्मिअर एका जागी जाड होता, तो ढीग लाल उजेडातही गडद दिसतो. त्यानं पॉझिटिव्ह म्हटलं. स्लाइड माझी होती, लेपाळं मीच केलं होतं. त्याच दहा स्लाइडी दुपारी बॅचला दिल्या, जिलेटिनशिवाय, धड डोळ्यांनी. अकरा जणांपैकी चौघांच्याच दहाच्या दहा बरोबर आल्या. बाकीच्यांच्या शिफारसपत्रांवर मी गेल्याच आठवड्यात सह्या केल्यात.

आणखी एक. सुट्टीतल्या लॅबवाल्याला फोन करून विचारलं, रक्ताच्या नळ्या भरताना हा कधी चुकला का? जांभळं टोपण सीबीसीला, करडं शुगरला, निळं गोठण्याच्या तपासणीला, सगळा कारभार टोपणाच्या रंगावर. तो म्हणाला, कधीच नाही. रंगावर जाणारी पोरं चुकतात, हा प्रत्येक नळीवरचं लेबल वाचतो, म्हणून हळू आहे जरा.

डीएमएलटीच्या फॉर्मची मुदत पुढच्या सोमवारी संपते. काल तो केबिनच्या दारात आला, आत न येता विचारलं, ‘सर, पत्रात डोळ्यांचं लिहिणार का?’ मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’ तो म्हणाला, ‘लिवा सर. पण जिलेटिनचं पण लिवा.’

पत्राचा कागद टेबलावर आहे. ‘हात उत्तम’ एवढं लिहून झालंय.