कृष्णाकाठी ऐकलेली तीन मिनिटे

आज संध्याकाळी सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या घाटावर बसून मी आणि माझ्या पत्नीने इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांची ‘सल्यू दामूर’ (म्हणजे ‘प्रेमाचे अभिवादन’) ही छोटी वाद्यवृंद-रचना दोनदा ऐकली. 1888 साली, प्रसिद्धी मिळण्यापूर्वी, एल्गारांनी ही रचना वाग्दत्त वधू अ‍ॅलिस यांना भेट म्हणून लिहिली आणि कॅरोलिन व अ‍ॅलिस ही त्यांची दोन्ही नावे जोडून झालेल्या ‘कॅरिस’ या नावाला ती अर्पण केली. पुढे 1890 मध्ये जन्मलेल्या मुलीचे नावही त्यांनी हेच ठेवले. मुळात व्हायोलिन आणि पियानोसाठी असलेल्या या रचनेचे वाद्यवृंदासाठीचे रूप 1889 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रथम वाजले.

आरंभी साथीची वाद्ये ठोक्यावर न येता ठोक्यांच्या मधल्या जागी हलकेच वाजतात, आणि त्या अधीर हालचालीवर व्हायोलिनची संथ सुरावट अशी उतरते, की बोलायला धीर न होणाऱ्या माणसाचा श्वासच ऐकू यावा. रागसंगीतात वाढलेल्या माझ्या कानाला आलापाचा विस्तार हवा असतो. येथे तो नाही, तरीही काही उणे वाटले नाही. मधल्या भागात सूर बदलतात, मूळ धून परतते, एकदाच भरभरून उंचावते आणि मग अगदी हळू विरते. दुसऱ्यांदा ती विरली तेव्हा नदीवर अंधार उतरला होता, आणि पत्नी म्हणाली, “अजून एकदा लावा ना.”