पेट्यांतलं मशीन आणि त्याखालची सही

"सीई लावूनच पाठवा, म्हणजे तिकडे डोक्याला ताप नको." युरोपात मशीन घेणाऱ्यांच्या तोंडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या इथल्या एजंटांच्या तोंडून, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की माझा उलटा प्रश्न तयारच असतो: "लाइन पुरती घेताय की अर्धी?" (सीई म्हणजे मशीन युरोपच्या सुरक्षा-नियमांत बसतं असं उत्पादकाने सांगणारी खूण.)

मी भांडुपच्या एका कारखान्यात सेफ्टीची कागदपत्रं बघते. रिस्क असेसमेंट, टेक्निकल फाइल, मॅन्युअल, डिक्लरेशन, सगळं माझ्या टेबलावरून जातं. आम्ही कोटिंग-लॅमिनेशनच्या लाइन बनवतो. एका टोकाला फिल्मचा रोल उलगडतो, मध्ये लेप बसतो, ड्रायरमध्ये वाळतो, वर दुसरा थर दाबला जातो आणि शेवटी सगळं पुन्हा गुंडाळलं जातं. ट्रायलला उभी केली की लाइन शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. चाळीस फुटी कंटेनर आतून बारा मीटर लांब आणि जेमतेम २.३५ मीटर रुंद असतो, त्यामुळे ती सुटी होऊनच न्हावाशेवाला निघते. आजूबाजूच्या कारखान्यांचे टॉवर झाल्यापासून ट्रेलर भरायला रात्री घेतला की वरच्या मजल्यांवरून शिव्या येतात, ते सोडा.

तर, पुरती की अर्धी. युरोपियन युनियनचा मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२, म्हणजे यंत्रांच्या सुरक्षिततेचे नियम, डिसेंबर २००९पासून लागू आहे, आणि त्यात हा फरक स्पष्ट केलाय. पूर्ण लाइन आमची असेल आणि फक्त वाहतुकीसाठी सुटी केली असेल, तर ती पेट्यांत भरली म्हणून 'अर्धवट यंत्र' होत नाही. उत्पादक आम्हीच. तिकडे ती उभी राहिली, तपासली, की चालू करण्याआधी डिक्लरेशन ऑफ कन्फर्मिटी, म्हणजे यंत्र नियमांत बसतं असं सहीचं घोषणापत्र, आणि सीई. पण गिऱ्हाइकाने कोटिंग हेड आमचं घेतलं, ड्रायर दुसऱ्याचा आणि रिवाइंडर, म्हणजे शेवटी गुंडाळणारा भाग, स्वतःचा जुनाच जोडायचा ठरवला, तर आमचा भाग एकट्याने काहीच काम करू शकत नाही. मग द्यायचं डिक्लरेशन ऑफ इनकॉर्पोरेशन, म्हणजे दुसऱ्या यंत्रात जोडायच्या भागाचं घोषणापत्र, सोबत जोडणीच्या सूचना. या डायरेक्टिव्हखाली त्या भागावर सीई लावायचंच नसतं, आणि पूर्ण लाइनचा उत्पादक ठरतो ती एकत्र जोडणारा. बहुतेकदा म्हणजे खुद्द गिऱ्हाईक. हे ऐकल्यावर फोनवर जी शांतता पसरते तिची मला आता सवय झाली आहे.

एजंटला वाटतं मी अडून बसते. पण धोका रोलरमध्ये असतो तितकाच दोन पेट्यांच्या मधल्या जोडात असतो, आणि तो जोड भांडुपला नसतोच.

आमच्या ड्रायरचे झोन दिसायला अगदी सारखे. प्रत्येकाला दार, दाराला इंटरलॉक (दार उघडलं की आतलं यंत्र थांबवणारा स्विच), इंटरलॉकला प्लग. तिकडच्या वायरमनने दोन नंबरचा प्लग तीनमध्ये घातला, तर दोनचं दार उघडल्यावर तीनचा पंखा थांबेल. पॅनेलवर सगळे दिवे बरोबर आणि माणसाचा हात फिरत्या पंख्याजवळ. म्हणून आम्ही आता प्रत्येक झोनच्या प्लगला वेगळ्या कोडिंगच्या पिना घेतो. चुकीचा प्लग आत शिरतच नाही. महाग पडतात. परचेसवाले दर ऑर्डरला विचारतात की टॅग लावून भागणार नाही का. टॅग समुद्राच्या दमट हवेत गळून पडतात, एवढंच उत्तर मी देते.

त्याहून वाईट प्रकार निप रोलरचा, म्हणजे फिल्म मध्ये दाबणाऱ्या रोलरच्या जोडीचा. दोन रोलर एकमेकांकडे फिरतात त्या बाजूने हात आत ओढला जातो, म्हणून गार्ड, म्हणजे संरक्षक पत्रा, त्याच बाजूला. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या दोन वायरी परत जोडताना अदलाबदल झाल्या की रोलर उलटे फिरतात. खेचणारी बाजू आता उघडी, गार्ड दुसरीकडे. पहिल्या जॉगला, म्हणजे रोलर थोडे फिरवून बघताना, तिथे फिल्म ओवायला कोणीतरी उभं असतंच. म्हणून साइटवर भरायच्या आमच्या तपासणीच्या शीटवर ओळ आहे: दिशा आधी तपासा, फिल्म नंतर ओवा.

थांबण्याच्या वेळेचंही तसंच. आयएसओ १३८५५ हे मानक माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतं. भरलेला रोल थांबायला चार सेकंद लागले, तर साध्या इंटरलॉकचं दार त्या रोलपासून सहा मीटरहून लांब हवं. एवढी जागा कोणाकडे आहे? मग दाराला गार्ड लॉकिंग, म्हणजे रोल थांबेपर्यंत दार उघडणारच नाही. पण ते चार सेकंद आमच्या ब्रेकच्या, आमच्या हवेच्या प्रेशरच्या जोरावर मोजलेले असतात. तिकडे कॉम्प्रेसर दुसरा. तिकडे पुन्हा मोजलंच पाहिजे.

आणि अर्थिंग! ट्रायलला सगळं जोडलेलं होतं, कंटिन्युइटी, म्हणजे अर्थिंगचा सलग मार्ग, मिळाली होती. मग सुटं करून, तोंडांवर नवा रंग मारून, देखणं करून पाठवलं. जोडाच्या तोंडावरचा रंग म्हणजे चक्क इन्शुलेशन. यंत्रांच्या विजेच्या मानकातली, आयईसी ६०२०४-१ची, चाचणी जोडणीनंतर परत घ्यायची असते ती उगाच नाही. आमच्या फोरमनकाकांचं पेंटरशी याच कारणावरून वर्षानुवर्षं वैर आहे.

खरं सांगायचं तर माझं निम्मं काम सुटं करण्याच्या दिवसांत असतं. जड सामान उचलणारे खलाशी चेनब्लॉक लावून उभे, शिपिंगवाला व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन) मागतोय, लाकडी पेट्यांवर हीट ट्रीटमेंटचा एचटी शिक्का आहे का ते बघायचं (गाभ्यात ५६ अंश, तीस मिनिटं, शिक्का नसेल तर पेटी बंदरातच अडकते). या घाईत गार्ड म्हणजे पत्र्याचे तुकडे, ते उरल्या जागेत जातात. काका म्हणतात, "ताई, शेवटच्या पेटीत टाकू, हलके आहेत." शेवटची पेटी तिकडे शेवटीच उघडते, आणि तोवर लाइन गार्डशिवाय दोन-चारदा फिरवून झालेली असते. म्हणून ज्या रोलरचा गार्ड, त्याच रोलरच्या पेटीत, त्याच नंबरने. पेटी मोठी होते, भाडं वाढतं. वाढू दे.

गिऱ्हाईक कोटेशनवर घासाघीस करतं तेव्हा पहिली कात्री लागते ती आमची माणसं तिकडे पाठवण्याच्या खर्चाला. "व्हिडिओ कॉलवर दाखवा, आमचे फिटर हुशार आहेत." असतील. पण डिक्लरेशनवर सही त्यांची नसते. साइटवरची शीट भरून आल्याशिवाय, म्हणजे प्रत्येक इंटरलॉक एकेक उघडून, प्रत्येक ई-स्टॉप (आणीबाणीचं थांबवायचं बटण) दाबून, थांबण्याची वेळ मोजून, मी तो कागद साहेबांसमोर ठेवत नाही. तो ठेवला की टेक्निकल फाइल दहा वर्षं सांभाळायची असते, आणि ती मागितली तर तयार करून देणारा माणूस युरोपातला, नाव-पत्त्यासह डिक्लरेशनवर लिहावा लागतो. हे नाव मिळवायलाच कधीकधी मशीन बांधण्यापेक्षा जास्त पत्रव्यवहार होतो.

२० जानेवारी २०२७पासून डायरेक्टिव्हच्या जागी नवं रेग्युलेशन, २०२३/१२३०. मॅन्युअल डिजिटल चालेल, पण खरेदीच्या वेळी मागितलं तर कागदावर फुकट द्यावं लागेल. जाड फायली पेटीत भरण्यातून सुटका, म्हणून आमचे स्टोअरवाले आत्तापासून खूश आहेत. मी त्यांना सांगितलंय, साइटची शीट मात्र कागदावरच जाईल, प्लास्टिकच्या पाकिटात, पहिल्या पेटीच्या झाकणाला आतून ठोकून.