पेट शॉप बॉइज लंडनमध्ये, जुलै २०१६ : ऑपेरा हाउसमधला ‘सुपर’ शो आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

सगळ्यात आधी कामाचं सांगते, बाकी वाचायला वेळ नसेल तरी चालेल. पेट शॉप बॉइज ह्या इलेक्ट्रॉनिक पॉप वाजवणाऱ्या ब्रिटिश जोडीच्या शोचं तिकीट काढताना स्टेजच्या जवळची सीट बघू नका, स्टेजच्या बरोब्बर समोरची बघा. लांब असली तरी चालेल, उंचावर असली तरी चालेल, पण मधली. बाकी बँडच्या बाबतीत मी कदाचित उलटं सांगितलं असतं, पण ह्या दोघांचा शो म्हणजे गाणी वाजवणारी माणसं बघायला जायचं असं नसतंच, ते एक अख्खं चित्र असतं आणि चित्र बाजूने बघून काही कळत नाही.

तर, ‘सुपर’ अल्बम १ एप्रिल २०१६ ला आला. त्यांचा तेरावा स्टुडिओ अल्बम, प्रोड्युसर स्टुअर्ट प्राइस, म्हणजे आधीच्या ‘इलेक्ट्रिक’ अल्बमवाला तोच माणूस, त्यामुळे आवाज तसाच टणक आणि नाचायला लावणारा. आणि त्याच्या वर्ल्ड टूरची सुरुवात कुठल्या स्टेडियममध्ये नाही तर थेट कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, २० ते २३ जुलै, चार रात्री, शोचं नाव ‘इनर सँक्टम’ (अल्बममधल्या एका ट्रॅकचंच नाव आहे हे). मी पहिल्या रात्रीचं, म्हणजे बुधवारचं तिकीट काढलं होतं. तिथे राहणाऱ्या माझ्या मामेभावानेही त्याच रात्रीचं काढलं पण वेगळ्या वेळी, त्यामुळे आम्ही दोघं एकाच शोला पण वेगवेगळ्या मजल्यावर, आणि त्याचा एक फायदा झाला तो पुढे सांगते.

ऑपेरा हाउस म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं की हे काय भलतंच, सिंथपॉपवाले तिथे काय करणार. पण ज्यांना ह्यांचा इतिहास माहितीये त्यांना नवल वाटायचं कारण नाही. नील टेनंट आणि ख्रिस लो १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटले, एक जण नंतर पॉप मासिकात पत्रकार, दुसरा आर्किटेक्चरचा विद्यार्थी. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ १९८६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे नंबर वन झालं तरी ह्यांनी पहिली टूर केली ती थेट १९८९ मध्ये, कारण नुसतं उभं राहून गाणं त्यांना नकोच होतं, नाटकासारखा शो हवा होता आणि त्याचा खर्च झेपत नव्हता. १९८९ च्या टूरला मागे पडद्यावर दाखवायच्या फिल्म्स चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मनने केल्या. १९९१ च्या टूरचं स्टेज तर इंग्लिश नॅशनल ऑपेरात काम केलेल्या डेव्हिड ऑल्डन आणि डेव्हिड फील्डिंगने बसवलं होतं. २००४ मध्ये ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये जुन्या रशियन मूकपटाला ऑर्केस्ट्रासकट लाइव्ह संगीत, २०१४ मध्ये बीबीसीच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगवरची रचना. इतक्या वर्षांनी ऑपेरा हाउसमध्ये आले तर ते मला अगदी सरळ घरी आल्यासारखं वाटलं.

आता जायचं कसं ते. भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) लंडनला चालत नाही, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं, यूकेचा वेगळा व्हिजिटर व्हिसा लागतो. साधारण तीन आठवडे धरा पण उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त धरलेले बरे, आणि शोचं तिकीट आधी हातात आलं म्हणून लगेच नॉन-रिफंडेबल विमानाचं बुकिंग करून बसू नका. पैशाच्या बाबतीत मात्र ह्या वेळी योग चांगला होता, २३ जूनच्या ब्रेक्झिटच्या मतदानानंतर पौंड असा काही पडला की आधी शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड मी गेले तेव्हा नव्वदच्या खाली होता. पुढचं प्लॅनिंग करणाऱ्यांनी जमेल तेव्हा थोडे थोडे पौंड घेऊन ठेवावेत असं माझं मत, एकदम सगळे नकोत.

हीथ्रो विमानतळावरून ट्यूबची, म्हणजे लंडनच्या मेट्रोची, पिकाडिली लाइन थेट कॉव्हेंट गार्डनला जाते, गाडी बदलायची गरजच नाही. ऑयस्टर कार्ड (प्रवासासाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) घ्या, २०१६ मध्ये त्याला ५ पौंड डिपॉझिट पडायचं पण ते परत मिळायचं, आणि विमानतळावरून शहरात येताना गर्दीची वेळ टाळली तर ३ पौंड १० पेन्स लागायचे, गर्दीच्या वेळी ५ पौंड १०. आपलं भारतातलं कार्ड थेट मशीनला टेकवायच्या भानगडीत पडू नका, चाललं तरी बँक वरून बहुतेकदा परदेशी व्यवहाराचा चार्ज लावते. झोन १ आणि २ मध्ये, म्हणजे शहराच्या मधल्या भागात, तेव्हा दिवसभर कितीही फिरलात तरी साडेसहा पौंडांच्या वर कापले जात नव्हते. बस तेव्हा दीड पौंड होती, आणि बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत.

आता कॉव्हेंट गार्डन स्टेशनबद्दल नीट वाचा. तिथे एस्कलेटर नाही, लिफ्ट आहेत, आणि लिफ्टची रांग बघून लोक जिन्याकडे वळतात, तो जिना १९३ पायऱ्यांचा गोल गोल आहे. शोच्या आदल्या दिवशी ब्रिटनमध्ये पारा ३३ च्या वर गेला होता, बुधवारीही हवा तशीच दमट, आणि पिकाडिली लाइनच्या डब्यात एसी नव्हता, त्यामुळे त्यातून उतरून वर १९३ पायऱ्या चढणं म्हणजे शोच्या आधीच दम संपवणं. त्यापेक्षा अलीकडे लेस्टर स्क्वेअरला उतरा आणि चालत या, पाच-सात मिनिटांचा रस्ता, ट्यूबच्या नकाशावर दोन स्टेशनं दिसतात पण ती एकमेकांपासून अडीचशे-तीनशे मीटरवर आहेत. परत जाताना तर नक्कीच हेच करा कारण शो सुटल्यावर सगळं थिएटर कॉव्हेंट गार्डनकडेच धावतं.

ऑपेरा हाउसमध्ये थोडं लवकर जा, म्हणजे चांगलं तासभर आधी. आत काचेचा जो मोठा हॉल आहे, पॉल हॅमलिन हॉल, तिथून एस्कलेटरने वर अ‍ॅम्फिथिएटरच्या (वरच्या बाल्कनीच्या) मजल्यावर जाता येतं आणि तिथल्या गच्चीवरून खाली कॉव्हेंट गार्डनचा चौक दिसतो. ड्रेस कोड वगैरे काही नाही, कोणी सूटमध्ये होतं, कोणी १९८९ च्या टूरच्या विटलेल्या टीशर्टमध्ये, एक दोघांनी उंच टोकदार टोप्या घातलेल्या, कोणीही कोणाकडे वळून बघत नव्हतं.

आणि मग ऑडिटोरियम. १८५८ ची इमारत, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, लाल मखमल, सोनेरी नक्षी, समोर तेव्हाच्या राणीच्या नावाची अक्षरं भरलेला तो जाडजूड पडदा. माझी सीट अ‍ॅम्फिथिएटरमध्ये मधोमध, म्हणजे खूप वर. उतार चांगलाच खडा आहे, उंचीची भीती असेल तर ही जागा घेऊ नका, आणि पाय लांब असतील तर गुडघे पुढच्या सीटला लागतात. पण स्टेज असं समोर उघडं दिसतं की काय सांगू.

इथे सीटचा मुद्दा. घोड्याच्या नालेचा आकार असल्यामुळे बाजूच्या सीटवरून स्टेजचा जवळचा कोपरा कापला जातो, आणि अगदी वरच्या बाजूच्या ज्या स्वस्त जागा असतात, ज्यांना ‘स्लिप्स’ म्हणतात, तिथून तर बऱ्यापैकी. तिकिटावर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर ते खरंच समजा, नुसतं नियमापुरतं लिहिलेलं नसतं. मामेभावाची, म्हणजे दादाची, सीट माझ्यापेक्षा महाग, माझ्यापेक्षा खूप खाली, पण बाजूला. शो संपल्यावर भेटला तर म्हणाला, “अगं मला नीलच्या चेहऱ्यावरचा घाम दिसत होता, पण मागचा पडदा अर्धाच.” आणि मग मी त्याला लेझरचं काय काय झालं ते सांगत बसले.

शो कसा सुरू होतो ते थोडक्यात सांगते. ज्यांना आधी काही कळू द्यायचं नाहीये त्यांनी हे दोन परिच्छेद सोडा. स्टेजवर दोन मोठ्या गोल तबकड्या, अल्बमच्या कव्हरवर जो गोल आहे तोच आकार, त्या फिरतात आणि त्यांच्यावर हे दोघं, डोक्यावर धातूसारखं चकाकणारं काहीतरी, चेहरा धड दिसत नाही. ‘इनर सँक्टम’ जवळजवळ शब्दांशिवायचा ट्रॅक आहे, नुसता ठोका, आणि त्या ठोक्यात मी समोरच्या कठड्यावर हात ठेवला होता तर तो जुना कठडा हाताखाली थरथरत होता. त्यावरून थेट ‘वेस्ट एंड गर्ल्स’, लंडनच्या त्याच वेस्ट एंड भागात बसून, तीस वर्षांनी. मला तिथेच रडू आलं, खरं सांगते.

बऱ्याच वेळाने मागचे तीन वादक समोर येतात, आफ्रिका ग्रीन, क्रिस्टिना हायझन आणि सायमन टेलियर, ड्रम्स आणि कीबोर्ड्सवर, आणि ह्यांच्यामुळे जुन्या गाण्यांचं वजनच बदललंय. ख्रिस नेहमीसारखा जागेवरून हलत नाही, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आणि तरी सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. स्टेज डिझाइन एस डेव्हलिनचं, कोरिओग्राफी लिन पेजची. लेझर मी आजवर असे पाहिले नाहीत, हिरव्या प्रकाशाचं छतच्या छत लोकांच्या डोक्यावर पसरतं आणि ते वरून बघताना खाली बसलेली माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसतात, हे खाली बसणाऱ्यांना दिसूच शकत नाही. शेवटाकडे फुगवलेल्या रंगीबेरंगी पोशाखातले डान्सर येतात तेव्हा तर सगळं थिएटर उभं राहून नाचत होतं, लाल मखमलीच्या खुर्च्यांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत. नव्यातलं मला सगळ्यात लागलं ते ‘द डिक्टेटर डिसाइड्स’, सत्तेला कंटाळलेला हुकूमशहा, कोणीतरी येऊन मला पाडा म्हणणारा, २०१६ च्या बातम्यांमध्ये ते ऐकणं वेगळंच होतं.

म्हणून अल्बम आधी नीट ऐकून जा. फक्त हिट गाण्यांच्या अपेक्षेने गेलात तर मधला पाऊण तास हातातून निसटेल. निदान ‘द पॉप किड्स’ तरी पाठ असू द्या, नव्वदीच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिकायला आलेल्या आणि क्लबात जाणाऱ्या दोघांची गोष्ट आहे आणि आजूबाजूचे सगळे ते गात असतात.

काही बारीक गोष्टी. कानात घालायचे प्लग घेऊन जा, बेस जोरात आहे. स्ट्रोब (झपाझप उघडझाप करणारे दिवे) आणि लेझर भरपूर आहेत, एपिलेप्सी किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर आधी थिएटरला विचारून घ्या. फोनचा कॅमेरा लेझरच्या थेट समोर धरू नका, सेन्सर जळू शकतो, आणि तसंही लेझर फोनमध्ये नीट येत नाहीत. तिकिटं अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. माझ्या रांगेतल्या एका बाईंनी एका रीसेल साइटवर तिप्पट पैसे मोजले होते आणि तिकीट शोच्या दुपारपर्यंत आलं नव्हतं, बाई आत पोचल्या तेव्हा हात कापत होते त्यांचे. रात्रीचं म्हणाल तर ट्यूब बारा-साडेबारापर्यंत असते, रात्रभराची ट्यूब ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली, आधी सेंट्रल आणि व्हिक्टोरिया ह्या दोनच लाइनवर, आणि तीही शुक्रवार-शनिवारच. बाकी दिवशी नाइट बस, ट्रफाल्गर स्क्वेअरवरून जवळजवळ सगळीकडच्या मिळतात.

दुसरा दिवस हातात असेल तर किंग्ज रोडला जरूर जा, स्लोन स्क्वेअर स्टेशनला उतरून सरळ चालत सुटायचं. आणि संध्याकाळी सोहो, वॉर्डर स्ट्रीट, लेस्टर स्क्वेअर, कानात हेडफोन लावून, ह्यांच्या जुन्या गाण्यांतलं लंडन अजून बरंचसं तिथेच आहे.

ह्यानंतर टूर उत्तर अमेरिकेत गेली. दुसरीकडच्या हॉलमध्ये बाल्कन्यांचे असे मजले सगळीकडे मिळणार नाहीत, काही ठिकाणी खाली उभं राहायचं असेल. तसं असेल तर पुढे घुसू नका, साउंड डेस्क शोधा आणि त्याच्या अगदी पुढे मधोमध उभे राहा. आवाज तिथल्या माणसाच्या कानाने बसवलेला असतो त्यामुळे तो तिथेच सगळ्यात चांगला ऐकू येतो, आणि ह्या शोमध्ये दोन्ही तबकड्या एकाच वेळी पूर्ण दिसतील अशी जागा सपाट हॉलमध्ये तीच. उंची कमी असेल तर मात्र पहिल्या बाल्कनीची मधली सीट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.