सहा फुटी टाकीत एकच मासा का?

घरी येणारा जवळपास प्रत्येक जण हॉलमधल्या टाकीत डोकावतो, दगडांमागे आणखी कुणी दडलंय का ते बघतो आणि विचारतो, "एवढ्या मोठ्या टाकीत एकच?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न हमखास येतो, "वास्तूसाठी ठेवलाय का?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नाही. टाकीतला मासा आहे फ्लॉवरहॉर्न. तो पाळला की घरात पैसा येतो म्हणतात. आमच्याकडे तो वीजबिलाच्या वाटेने जातो.

पहिल्या प्रश्नासाठी जरा बसावं लागेल. फ्लॉवरहॉर्न मूळचा कुठल्याच नदीतला नाही. १९९० च्या दशकात आग्नेय आशियातल्या हौशी मंडळींनी मध्य अमेरिकेतले सिक्लिड कुळातले मासे एकमेकांत मिसळून तो घडवला. ट्रायमॅक, रेड डेव्हिल, मिडास ही त्याची पूर्वज मंडळी. त्यातले रेड डेव्हिल आणि मिडास निकाराग्वाकडच्या तळ्यांतले. तिथे नरमादी जोडीने जागा धरतात, अंडी घालतात आणि पिल्लं सुटी होईपर्यंत दोघंही राखण करतात. आजूबाजूला जो तो ती पिल्लं गिळायला टपलेला. जो दुसऱ्याला हुसकून लावील त्याचीच पोरं जगणार, असा हिशोब. माणसाने पुढे कपाळावरचा फुगा वाढवला, रंग भडक केला. स्वभाव तोच राहिला.

दोन मासे समोरासमोर आले की आधी कल्ल्यांची झाकणं फुगवतात. मग अंगाला अंग समांतर ठेवून, पर ताणून, शेपटीने एकमेकांवर पाण्याचे फटकारे मारतात. तेवढ्याने मिटलं नाही तर जबड्यात जबडा अडकवून ओढाताण. इथवर सगळं जोखणं असतं, फारसं कुणाचं बिघडत नाही. तळ्यात हरलेला पर मिटून निघून जातो आणि विषय संपतो. टाकीत तो पळून पळून सहा फूट पळणार. जिंकलेल्याला वाटतं, हा अजून माझ्या हद्दीत उभा आहे म्हणजे याची खुमखुमी उतरलेली नाही. मग दिवसभर धोपटणं सुरू. पाण्याच्या वरच्या थराला, कोपऱ्यात, शेपटी फाटलेला मासा तिरपा उभा दिसला तर त्याला त्याच संध्याकाळी वेगळं काढा. एकदोन दिवसांत सवय होईल म्हणून थांबलात तर बहुधा तो मेलेलाच सापडेल.

"मग थोडी मोठी टाकी घ्यायची," असंही लोक सुचवतात. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या एका संशोधकाने मिडासच्या पिल्लांवर नेमकं हेच तपासलं होतं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. घरगुती मापाच्या टाक्यांमध्ये थोडी जागा कमीजास्त केल्याने मारामारीत फरक पडला नाही. जागा खूपच मोठी आणि अडोशांनी भरलेली असेल तेव्हाच ती घटली. तीन फुटीची चार फुटी करून शांतता विकत घेता येत नाही, हे दुकानदार सांगणार नाही.

म्हणून माझं मत असं: सहा फुटी टाकीत एक मासा ठेवा, नाहीतर तीस. पाच ठेवू नका.

तीस म्हणजे फ्लॉवरहॉर्न नव्हेत. पूर्व आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले मबुना. चारपाच इंची, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, पिवळेनिळे आणि अंगापेक्षा दुप्पट भांडखोर. त्यांची मुद्दाम दाटी करायची. गर्दीत दादाला एकाच्याच मागे लागता येत नाही, मार सगळ्यांत वाटला जातो. एका नरामागे तीनचार माद्या, दगडांची रास वरपर्यंत, सगळे मासे शक्यतो एकदमच सोडायचे. नंतर कुणाची भर घालायची असेल तर आधी दगड हलवायचे, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. या माशांना क्षारयुक्त पाणी लागतं. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत ज्या बोअरच्या पाण्याने गिझर खराब होतात ते त्यांना मानवतं. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी मात्र फार मऊ, तिथे फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घालावा लागेल.

मला गर्दीपेक्षा ओळख आवडते, म्हणून मी एक निवडला. तो माणसं ओळखतो. खायला देणारा दिसला की काचेला तोंड लावून येतो, पुसायचा कपडा दिसला की धडक मारतो. वाळू उपसणं हा त्याचा दिवसभराचा धंदा. त्यामुळे दगड वाळूवर ठेवायचे नाहीत, तळाच्या काचेवर पातळ शीट टाकून त्यावर टेकवायचे आणि मग भोवती वाळू पसरायची. नाहीतर तो खालून उकरतो आणि दगड काचेवर कलंडतो.

आता वजन. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे २४ घनफूट, सुमारे ६८० लिटर पाणी. बारा एमएम काच, वाळू, दगड, स्टँड धरून नऊशे किलोच्या आसपास, आणि तेही जेमतेम १.१ चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आपल्याकडचं मानक चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतं. तो भार अख्ख्या खोलीवर पसरलेला धरलेला असतो, म्हणून टाकी ठेवली की स्लॅब खचेल असं नाही. पण ती हॉलच्या मधोमध नको, बीमवर भिंतीलगत हवी, आणि जुन्या इमारतीत आधी इंजिनियरला दाखवलेलं बरं. स्टँड आणि टाकी यांच्यामध्ये थर्माकोल विसरू नका.

फिल्टर म्हणून मी खाली संप, म्हणजे दुसरी छोटी टाकी, ठेवलाय. हीटरही त्यातच, कारण वर ठेवला तर हा पठ्ठ्या धडका देऊन त्याची काच फोडेल. संप काठोकाठ भरायचा नाही. लाईट गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी थोडं खाली उतरतं. तेवढी जागा मोकळी नसेल तर हॉल पुसत बसा. एअरपंप इन्व्हर्टरवर हवा. मासा आणण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसवायचे. पुढे दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, कॉर्पोरेशनचं असेल तर क्लोरीन मारून.

यावर बरेच जण म्हणतात, "आम्ही आत्ताच पाच पिल्लं घेतलीत, मोठी झाली की बघू." हे 'बघू' बहुतेकदा जवळच्या नदीत किंवा तलावात जाऊन संपतं. तसं कृपा करून करू नका. उजनीची चिलापी तुम्ही खाल्ली असेल. चिलापी म्हणजेच तिलापिया. तीही सिक्लिडच, आफ्रिकेतली. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि तेव्हापासून इथल्या पाण्यात तो हातपाय पसरतोच आहे. पाचातला दादा कोण ते कळलं की उरलेले चार दुकानदार परत घेईल का, हे पिल्लं घेतानाच विचारून ठेवा. बरेच जण घेतात. पैसे मात्र देत नाहीत.